गजकर्णाचं नाव जपानात ठरतं, तपासणी खानापुरात का होत नाही?

२०२० साली जपानमधल्या संशोधकांनी गजकर्णाच्या एका बुरशीला नवं नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नमुने होते तिथल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाचे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन बायकांना हीच बुरशी झाल्याचं जाहीर झालं. टर्बिनाफिन या गजकर्णावरच्या नेहमीच्या औषधाच्या गोळ्यांनी दोघींनाही गुण आला नाही. लगेच तिथल्या डॉक्टरांना सावध केलं गेलं.

आणि आपल्याकडे? भात लावणीच्या दिवसांत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या कुठल्याही गावात जा. दिवसभर ओल्या लुगड्यात वाकून काम, घरात सगळ्यांना मिळून एकच टॉवेल. आमच्या शेजारच्या काकूंच्या खिडकीत एक ट्यूब असते, शेपटापासून गुंडाळत आणून पार पिळलेली. सासू, सून, नातू, सगळे तीच लावतात. "दोन दिवसांत खाज जाते बघ, पण परत येते," काकू सांगतात. खाज जाणारच, कारण त्यात स्टिरॉइड आहे. त्यानं खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते. गोल कडा पुसट होते, मांडीभर काळपट चट्टा पडतो आणि डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. २०१८ मध्ये अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम झाला. तरी मेडिकलमध्ये "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की हातात पडते. याचा मला मनापासून राग येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. त्यात १९ नावं आहेत, गजकर्णाचं एकही नाही. जीव घेणाऱ्या बुरशी आधी, हे मला पटतं. पण रात्र रात्र खाजवणारी बाई, लाजेनं घरात कुणाला न सांगणारी पोर, यांची मोजदाद कोण करणार?

देशोदेशीच्या तज्ज्ञांनी एकत्र काम करावंच. पण त्यांना नमुने आपल्या माणसांचे लागतात, आणि ते इथूनच जायला हवेत. चट्ट्याची साल खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते. एवढी सोय प्रत्येक तालुका दवाखान्यात करा. औषधाला दाद न देणारे नमुने चंदीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेकडे पाठवा, तिथे बुरशींचं जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेलं केंद्र आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा माणूस औषधाला बेळगावात येतो, खानापूरचा पोरगा कामाला गोव्यात जातो. म्हणून महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा या तिन्ही राज्यांनी आपले निकाल एकमेकांना कळवावेत, आणि रुग्णाला ते त्याच्या भाषेत समजावून सांगावेत.