पडत्या बाजारात घर घ्यावे का, असे विचारणाऱ्या सर्वांसाठी

घरांचे भाव उतरू लागले की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येऊ लागतो: आत्ता घ्यावे की अजून थांबावे? गेल्या तीन महिन्यांत चार जणांनी मला तो विचारला आणि चौघांनाही मी फोनवर अर्धीमुर्धी उत्तरे दिली, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो. मी अर्थतज्ज्ञ नाही. मात्र आम्ही दोघांनी पडत्या बाजारातच घर घेतले, घेतल्यानंतरही भाव दीड वर्ष उतरत राहिलेले पाहिले, आणि त्याच घरात आज अकरावे वर्ष चालू आहे, एवढ्या अनुभवाच्या बळावर हे लिहीत आहे.

माझे मत असे की, भाव आणखी किती उतरेल हा प्रश्न दुय्यम आहे. हप्ता न थकवता त्या घरात आपल्याला किती वर्षे टिकून राहता येईल, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. त्याचे उत्तर समाधानकारक असेल, तर मंदी आपल्याला एक दुर्मीळ गोष्ट देते, ती म्हणजे घर नीट पारखून घेण्याची उसंत. बहुतेक लोक ही उसंत भावाचा तळ शोधण्यात घालवतात.

शेअरचा भाव सकाळी पडला तर दुपारपर्यंत साऱ्या जगाला कळतो. घरांच्या बाजारात आधी सौदे आटतात, आणि भाव मागाहून, रखडत रखडत उतरतात. याचे कारण विकणाऱ्याच्या मनात असते. त्याने स्वतः मोजलेली रक्कम तिथे घट्ट रुतून बसलेली असते आणि त्याखालचा प्रत्येक देकार त्याला स्वतःचा अपमान वाटतो. नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला अधिक बोचते, हे डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले होते. पुढे डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अभ्यासकांनी १९९० च्या दशकातील बॉस्टनच्या मध्यवर्ती भागातील फ्लॅटविक्रीच्या नोंदी तपासल्या. तोट्यात विकण्याची वेळ आलेले मालक संभाव्य तोट्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकी रक्कम मागणीत चढवून ठेवत आणि त्यामुळे त्यांची घरे अधिक काळ पडून राहत, असे त्यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसते.

म्हणूनच मंदीत जाहिरातीतल्या आकड्यावरून बाजाराची कल्पना करू नये. प्रत्यक्ष नोंदणी झालेले व्यवहार कोणत्या रकमेला झाले, हे घर किती महिन्यांपासून विक्रीला आहे, मागणी याआधी कितीदा खाली आली, हे विचारावे. सरासरी भावाच्या बातम्याही जपूनच वाचाव्यात, कारण मोठ्या घरांची विक्री थंडावून केवळ लहान घरेच खपत असतील, तर एकही घर स्वस्त न होता सरासरी खाली येते.

आता तळाविषयी. अमेरिकेत घरांचे भाव २००६ मध्ये शिखरावर होते आणि २०१२ च्या सुरुवातीपर्यंत देशभरातील निर्देशांक सुमारे २७ टक्क्यांनी घसरला. लेहमन ब्रदर्स या तिथल्या बड्या गुंतवणूक बँकेचे दिवाळे सप्टेंबर २००८ मध्ये निघाले. 'याहून वाईट काय होणार' असे म्हणून त्या वर्षअखेरीस ज्यांनी घर घेतले, त्यांना आणखी तीन वर्षे घसरण पाहावी लागली. आयर्लंडमध्ये २००७ ते २०१३ या काळात भाव निम्म्याहून अधिक उतरले आणि जुन्या शिखरावर परतायला २०२२ साल उजाडले. जपानमध्ये १९९१ च्या सुमारास अवाच्या सवा चढलेल्या भावांचा फुगा फुटला आणि त्यानंतर जमिनीचे भाव जवळजवळ दीड दशक उतरतच राहिले. तिथे थांबणाऱ्यांचे केस पांढरे झाले असतील. या उदाहरणांतून एखादा नियम काढावा, तर तो निघत नाही. कुठे सहा वर्षे लागली, कुठे पंधरा, आणि प्रत्येक ठिकाणी तळ येऊन गेला हे लोकांना भाव पुन्हा चढू लागल्यावरच कळले. आमच्या इमारतीत अगदी आमच्याच मापाचे वरच्या मजल्यावरचे घर दीड वर्षाने आठ टक्के कमी भावात गेले. ते कळले त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मान्य करतो. पण आमचा हप्ता त्या बातमीने एका पैशानेही वाढला नव्हता आणि घर आम्हाला विकायचे नव्हते, त्यामुळे आठवडाभरात तो विषय आपोआप मागे पडला.

विकायचे असते, तर मात्र गोष्ट निराळी झाली असती. हे थोडे हिशेबाने सांगतो, कारण लोक नेमका हाच हिशेब करत नाहीत. समजा घराची किंमत १०० आहे. त्यातले २० आपले आणि ८० कर्जाचे. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यावर आपण एकूण सुमारे ४३ भरलेले असतात, पण त्यातले ३४ व्याजात गेलेले असतात आणि मुद्दल फक्त ९ ने कमी होऊन ७१ च्या आसपास उरलेले असते. या पाच वर्षांत भाव ३० टक्क्यांनी उतरला असेल, तर घर आता ७० चे झाले. म्हणजे घर विकूनही कर्ज पुरते फिटत नाही आणि सुरुवातीला घातलेले २० पूर्ण बुडाले. हाँगकाँगमध्ये १९९७ ते २००३ या काळात भाव ६० टक्क्यांहून अधिक पडले, तेव्हा एक लाखाहून अधिक गृहकर्जांची अशीच अवस्था झाली होती. कर्ज घराच्या किमतीहून मोठे. तिथल्या ज्या कुटुंबांची मिळकत चालू राहिली, ती हप्ते भरत राहिली आणि पुढे तरली. ज्यांना त्याच काळात विकावे लागले, त्यांच्यासाठी कागदावरचा तोटा खरा झाला.

आणि विकावे लागण्याची वेळ नेमकी तेव्हाच येते, ही या बाजारातली सर्वांत क्रूर बाब आहे. ज्या कारणांनी घरांना गिऱ्हाईक मिळेनासे होते, त्याच कारणांनी नोकऱ्या जातात, पगार गोठतात, धंद्यातली येणी अडकतात. बँकाही हात आखडता घेतात. घराचे मूल्यांकन कमी लावतात, आपल्याकडून अधिक स्वतःची रक्कम मागतात आणि मिळकतीची कागदपत्रे दुप्पट तपासतात. म्हणजे घर स्वस्त झालेले असते, पण ते घेण्याची ऐपत त्याहून वेगाने आकसलेली असू शकते. कर्जाचा पाश घर गेल्यावर सुटतोच असेही नाही. स्पेनमध्ये २००८ नंतर कित्येक कुटुंबांचे घर बँकेने ताब्यात घेतले आणि तरीही उरलेले कर्ज त्यांच्या डोक्यावर राहिले. आपल्या करारात याविषयी काय लिहिले आहे, हे सही करण्यापूर्वी वाचणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मीही वाचले नव्हते. बायकोने वाचले होते.

त्या वेळी आमच्या दोघांच्या नोकऱ्या एकाच उद्योगात होत्या, म्हणजे संकट आलेच तर दोघांवर एकदम येणार होते. म्हणून बँकेने मंजूर केलेल्या रकमेच्या दोन तृतीयांशच कर्ज आम्ही उचलले आणि एका वर्षाचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करायची नाही असे ठरवले. त्यामुळे एक खोली कमी असलेले घर घ्यावे लागले. त्या खोलीची उणीव मुले मोठी झाल्यावर रोज जाणवते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तिसऱ्या वर्षी माझी नोकरी गेली आणि पाच महिने मिळाली नाही. बाजूला ठेवलेल्या पैशांतून हप्ते गेले.

व्याजदराचाही एक हिशेब आहे. २० वर्षांच्या कर्जावर दर ७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर गेला, तर हप्ता सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे दर चढल्याने भाव १० टक्के उतरलेले असतील आणि कर्जाचे प्रमाण तेच असेल, तर उतरलेल्या भावातही हप्ता पूर्वीपेक्षा चार-साडेचार टक्के जास्तच पडतो. भाव उतरला म्हणून हर्ष मानणाऱ्याने घर परवडण्याजोगे झाले आहे का, हे हप्त्याच्या आकड्यात पाहावे. उलट बाजूही खरी आहे. चढ्या दराने घेतलेले कर्ज पुढे दर उतरल्यास कमी दरावर बदलून घेता येते, चढ्या भावात घेतलेले घर मात्र मागे जाऊन स्वस्तात घेता येत नाही.

आता उसंतीविषयी, कारण माझा खरा आग्रह तिच्यासाठी आहे. तेजीत घर पाहायला अर्धा तास मिळतो आणि बाहेर पुढचे कुटुंब उभे असते. मंदीत तसे नसते. आम्ही ज्या घरात राहतो ते आम्ही पाच वेळा पाहिले: एकदा भर दुपारी, एकदा रात्री दहानंतर, आणि एकदा मुसळधार पावसात. पावसातल्या त्या फेरीत शयनगृहाच्या छताच्या कोपऱ्यात ओल दिसली, जी उन्हाळ्यात नव्या रंगाखाली बेमालूम लपली होती. नळ सगळे एकदम सोडून पाण्याचा जोर पाहिला, इमारतीच्या देखभाल खात्यात शिल्लक किती आणि थकबाकीदार किती हे विचारले. मंदीत हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा असतो, कारण बऱ्याच जणांनी देखभालीचे पैसे देणे थांबवले की लिफ्ट आणि पंप यांची दुरुस्ती उरलेल्यांच्या माथी येते. मालकी हक्काची कागदपत्रे वकिलाकडून तपासून घ्यायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत कोणीही आम्हाला घाई केली नाही.

त्याआधी आम्ही एका अर्धवट बांधलेल्या प्रकल्पात घर नोंदवण्याची चूक केली होती. भाव मोहात पाडणारा होता. विकासकाच्या कार्यालयात चहापाणी उत्तम होते, प्रतिकृती सुरेख होती. नोंदणीची रक्कम भरून झाल्यावर एकदा कामाच्या दिवशी सहज जागेवर गेलो, तर एवढ्या मोठ्या आवारात चार मजूर होते आणि तेही सळया मोजून गाडीत भरत होते. रक्कम परत मिळायला चौदा महिने आणि असंख्य खेपा लागल्या. मंदीत विकासकाकडचा पैसा आटतो, नव्या गिऱ्हाइकांच्या रकमेवर चालणारे काम थांबते, आणि ज्याने आधी पैसे भरले तोच अडकतो. आयर्लंडमध्ये २०१० साली झालेल्या सरकारी पाहणीत अडीच हजारांहून अधिक वसाहती अपूर्ण अवस्थेत आढळल्या होत्या. काहींत दोनचार कुटुंबे राहायला आली होती आणि भोवती रस्ते, दिवे, सांडपाण्याची सोय यांतले काहीच पुरे नव्हते. तेव्हापासून माझे मत पक्के आहे की, पडत्या बाजारात तयार, राहते, नळाला पाणी येणारे घरच घ्यावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल.

घासाघीस करण्याविषयी एवढेच म्हणेन की, विकणाऱ्याला नेमके काय हवे आहे हे आधी ऐकून घ्यावे. आमचे घर एका वयस्कर दांपत्याचे होते. त्यांना मुलीजवळ राहायला जायचे होते आणि दोन सौदे आयत्या वेळी मोडल्यामुळे ते धास्तावले होते. आमचे कर्ज आधीच मंजूर झालेले होते, तारीख आम्ही पक्की दिली, आणि व्यवहार झाल्यावरही दोन महिने त्यांना तिथेच राहू दिले. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा देकार आमच्यापेक्षा थोडा अधिक होता, तरी घर आम्हाला मिळाले. ओल दाखवून दुरुस्तीची रक्कम आम्ही कमी करून घेतली. त्याहून अधिक ताणले नाही. उतरलेल्या भावामागे बहुधा कोणाची तरी अडचण असते आणि ती पिळून काढण्यात काही मर्दुमकी आहे असे मला वाटत नाही. हा मुद्दा व्यवहाराचा नाही असे कोणी म्हणेल, तर म्हणो.

थांबणे फुकट असते असेही कोणी समजू नये; भाडे जात असते, सामान दर दोनतीन वर्षांनी उचलावे लागते. तरीही ज्याला चार-पाच वर्षांत गाव बदलावे लागण्याची शक्यता आहे, त्याने भाड्यानेच राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि घर लावून घेण्याचा खर्च एवढ्या थोड्या काळात भरून निघणे चढत्या बाजारातही अवघड असते.

ज्या चौघांनी विचारले, त्यांतल्या एका मैत्रिणीला मी दोनच आकडे मागितले होते: स्वतःची रक्कम भरून झाल्यावर किती महिन्यांचे हप्ते हातात उरतील, आणि पुढची किती वर्षे ती याच गावात राहणार हे खात्रीने सांगू शकते. काल तिचे उत्तर आले. दुसरा आकडा दहा आहे, पहिला तीन. घरे पाहत राहा, पावसाळ्यात तर नक्की पाहा, पण अजून कशावरही सही करू नकोस, असे मी तिला कळवले आहे.