मामाच्या टायरात 24 ची हवा

गणपतीला आठ दिवस होते तेव्हा मामाचा फोन आला. "अगो, गाडी एकदम तयार केली. टायरातली हवापण कमी करून आणली."

"कमी?"

"मेसेज नाही वाचलास? सगळ्या ग्रुपवर फिरतोय."

फिरतोय खरा. गाववाल्यांच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर दोनदा. 'एका निवृत्त आरटीओ अधिकाऱ्याचा लाखमोलाचा सल्ला.' अधिकाऱ्याला नाव नाही, गाव नाही. ज्यांच्या ग्रुपवर अजून पोहोचला नसेल त्यांच्यासाठी सार सांगते. लांबच्या प्रवासाला हवा नेहमीपेक्षा 8 ते 10 पीएसआयने (गेजवर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) कमी भरा, कारण पळताना हवा गरम होऊन फुगते आणि टायर फुटतो. वाटेत थांबलात की प्रेशर बघा, वाढलेलं दिसलं तर सोडून द्या. नायट्रोजन भरला तर बघायचीही गरज नाही. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा. इंजिन तापलं तर लगेच रेडिएटरचं झाकण उघडून पाणी ओता. टाकी फुल करू नका, स्फोट होतो. पावसात चारही इंडिकेटर चालू ठेवा. स्टेपनी तपासा. खाली समृद्धी महामार्गावर उलटलेल्या गाडीचा फोटो आणि जोडलेले सहा हात.

समृद्धी नागपूरला जाते. मामा देवरुखला चाललाय, भर पावसात. पण ते असो.

मामाने तीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली आहे. हवा भरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही असं मी समजत होते. संध्याकाळी त्याच्या बिल्डिंगखाली गेले तर सात सीटर अशी उभी, जणू आत्ताच सगळं गाव आत बसलंय. मागच्या टायरांचं पोट जमिनीला टेकलेलं. माझ्याकडे हवा मोजायचा पेनाएवढा गेज असतो तो लावला. 24. चारही चाकांना 24. आणि या गाडीत मामा, मामी, दोन भाऊ, एक वहिनी, नातू, मखराचे खोके आणि टपावर बॅगा जाणार होत्या.

मी ड्रायव्हरचं दार उघडायला लावलं. दाराच्या चौकटीवर, सीटबेल्टच्या खांबाला, एक स्टिकर असतं. मामाच्या गाडीवर लिहिलं होतं: दोन-तीन माणसं असतील तर चारही चाकांना 33, गाडी भरलेली असेल तर मागे 36. टायर गार असताना. गाडी बनवणाऱ्याने वजन, स्प्रिंगा, टायरचा साइज सगळं धरून काढलेला हा आकडा आहे, आणि टायर पळताना तापणार हे त्यात आधीच धरलेलं आहे. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तो तुमच्या दारावर बघा. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणामागे असतो.

आता मुख्य गोष्ट. हवा गरम झाली की प्रेशर वाढतं, हे खरं. शाळेत शिकलोय, नाकारून चालणार नाही. पण वाढतं किती? टायर 30 अंशांवरून 60 अंशांवर गेला तर 33 चे साधारण 38 होतात. साडेचार-पाच पॉइंट. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत कमाल प्रेशर छापलेलं असतं, बहुतेक गाड्यांच्या टायरांवर ते 44 किंवा 51 असतं. म्हणजे 38 वर धडधाकट टायरला काही होत नाही.

टायर फुटतो तो कमी हवेने. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेरीला जास्त दबते आणि परत सरळ होते. 80 च्या स्पीडला आपल्या साध्या गाडीचं चाक मिनिटाला 680 च्या आसपास फेऱ्या मारतं. तेवढ्या वेळा रबर, आतले धागे आणि तारा वाकतात. लोखंडी तार हातात घेऊन सारखी वाकडी-सरळ करून बघा, तुटायच्या आधी बोटाला चटका बसतो. टायरच्या आत तेच चालू असतं. त्या उष्णतेने थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि एका क्षणी पट्टाच्या पट्टा निघून येतो. म्हणजे उष्णतेच्या भीतीने हवा काढायची आणि काढलेल्या हवेमुळे टायर आणखी तापवायचा, असा हा लाखमोलाचा सल्ला.

"पण लोक उगाच म्हणतात का?" मामाचा प्रश्न. उगाच नाही म्हणत, उलटं म्हणतात. अमेरिकेत 2000 साली फायरस्टोन कंपनीने 65 लाख टायर परत मागवले. फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीचे टायर पळता पळता सोलून निघत होते, गाड्या उलटत होत्या, माणसं मेली होती. त्या टायरांत मुळातच दोष होता, हे खरं. पण त्याच भांडणात दुसरा मुद्दा निघाला: फोर्डने त्या गाडीला 26 चं प्रेशर सांगितलं होतं आणि फायरस्टोनचं म्हणणं होतं की ते 30 हवं. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि पुढे त्यातून नियम आला, की प्रत्येक नव्या गाडीत टायरच्या हवेचा दिवा असलाच पाहिजे. दिवा कधी लागायचा? हवा सांगितलेल्या आकड्यापेक्षा 25 टक्के कमी झाली की. जास्त झाल्यावर लागायची सक्ती त्या नियमात नाही, कारण माणसं कमी हवेने मरत होती.

मामाच्या गाडीचा आकडा 33. त्याचे 25 टक्के वजा केले तर 24.75. मामाच्या टायरात 24. म्हणजे जो धोक्याचा दिवा लागू नये म्हणून जग धडपडतं, तो मामाने पंपावर जाऊन, हवावाल्याला दहा रुपये देऊन, स्वतः लावून घेतला असता. गाडीत तो दिवा नाही म्हणून कळलं नाही एवढंच. आणि वर पाऊस. पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो वेग हवेच्या प्रेशरबरोबर खाली येतो. 33 चे 24 केले की तो अंदाजे 15 टक्क्यांनी उतरतो. वडखळच्या पुढे पाणी साचलेल्या पट्ट्यात गाडी हातातून जाण्याची ही पूर्वतयारी झाली.

वाटेत थांबून गरम टायरची हवा सोडायचा सल्ला तर याहून वाईट. माणगावला चहाला थांबलात, गेज 38 दाखवतोय, तुम्ही 33 केलेत. टायर गार झाल्यावर सकाळी तो 28 च्या आसपास दिसणार. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त पळायच्या आत बघायची.

नायट्रोजनचं अर्धं खरं आहे. तो कोरडा असतो, जरा हळू गळतो. पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि व्हॉल्वमधून दोन्ही निघून जातात. हवं तर भरा, पण "बघायची गरज नाही" हे वाक्य विसरा.

न्यूट्रलवर मामा अडून बसला, कारण पद्मिनीत त्याने तेच केलं होतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात थोडंफार पेट्रोल वाचत असेलही. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गियर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिनला जाणारं इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळत राहतं. म्हणजे वाचत नाही, जातं. शिवाय इंजिन गाडीला मागे ओढत नाही, सगळा भार ब्रेकवर. सहा माणसं आणि मखर घेऊन परशुराम घाट उतरताना ब्रेक तापले तर ते ऐन वळणावर पकडत नाहीत. काही महाभाग तर उतारावर किल्लीच बंद करतात. दोन-तीनदा ब्रेक दाबला की पॅडल दगडासारखं होतं आणि स्टीअरिंग जड. ज्या गियरमध्ये घाट चढलात, त्याच गियरमध्ये उतरा. हे मामाला माहीत होतं. त्याने मान्य केलं, पण "आमच्या वेळी" हे शब्द जोडूनच.

रेडिएटरचा मुद्दा ज्याने लिहिला त्याने कधी बॉनेट उघडलेलं नसावं. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, पाणी त्याच क्षणी उकळतं आणि थेट तोंडावर येतं. गाडी बाजूला घ्या, बंद करा, निदान अर्धा तास थांबा. गार झाल्यावर कुलंट नसेल तर साधं पाणी घालून जवळचं गॅरेज गाठता येतं, तेवढीच साध्या पाण्याची लायकी.

फुल टाकीच्या स्फोटाची अफवा दर उन्हाळ्यात इंडियन ऑइलच्या नावाने येते आणि इंडियन ऑइलनेच ती खोटी असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलंय. टाकी भरून पंप आपोआप थांबला (ऑटोकट) की राउंड फिगरसाठी आणखी ओतायला लावू नका, एवढं पुरे. आणि पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावलेत तर तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळायचं कसं? लाइट लावा, वायपरची रबरं बदला.

त्या मेसेजात खरोखर न बघितलेलं राहतं ते टायरचं वय आणि झीज. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की आपल्याकडे टायर कायद्यानेच बाद. मामाचे पुढचे दोन ठीक होते, मागचा डावा टकला व्हायला लागला होता. तो दुसऱ्या दिवशी बदलला.

पंपावर हवावाल्याने विचारलं, "कितीची?" मामा म्हणाला, "पुढे 33, मागे 36," आणि माझ्याकडे बघितलं नाही. हवावाला हसला. सकाळपासून तिघांनी कमी करून नेली होती म्हणे.

मग मी म्हटलं, मेसेजातलं एक बरोबर आहे, स्टेपनी बघू. मामाने सामान बाजूला केलं, चाक काढलं, मी गेज लावला. 11. मेसेजातली तेवढी एकच गोष्ट त्याने केली नव्हती.