न वाचलेल्या निबंधांची निर्दोष संदर्भसूची

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४३ अंशांवर गेलेला असताना रात्रपाळी संपवून खोलीवर आलेल्या रेसिडेंट डॉक्टरने काय करावे, याबद्दल मतभेद असू शकतात. झोपावे, असे अडाणी लोक म्हणतील. परंतु ज्याचा शोधनिबंध ‘संदर्भ आमच्या शैलीत नाहीत’ एवढ्या एकाच वाक्यानिशी कालच परत आला आहे, त्याने पंखा पाचवर सोडून स्वल्पविराम मोजायला बसावे, हेच रास्त होय. या कामी उपयोगी पडेल असा माझा गाईडगिरीचा अनुभव मी येथे विनामूल्य देत आहे. माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही संदर्भसूचीतले विरामचिन्ह मी तपासल्याशिवाय सोडलेले नाही; त्याखेरीज काय तपासले, हे कृपया विचारू नये.

आधी या शास्त्राचा इतिहास आदराने जाणून घ्या. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातील व्हँकुव्हर शहरात जमले आणि हस्तलिखितांसाठी सर्वत्र चालतील असे एकसारखे नियम त्यांनी ठरवायला घेतले. ते नियम इतके एकसारखे झाले, की आज प्रत्येक नियतकालिक ते आपापल्या पद्धतीने पाळते. मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येईल त्या क्रमाने संदर्भाला अंक द्यावा; आडनाव आधी आणि आद्याक्षरे नंतर, तीही टिंबांवाचून; वर्षापुढे अर्धविराम, खंडापुढे कंसात अंकाचा क्रमांक, त्यापुढे अपूर्णविराम आणि मग पाने, आणि या सगळ्यांत कोठेही रिकामी जागा नको. लेखक सहाहून अधिक असतील, तर व्हँकुव्हरच्या नमुन्याप्रमाणे पहिली सहा नावे देऊन ‘एट अल’, म्हणजे ‘आणि इतर’, असे लिहावे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शैली मात्र अशा वेळी पहिल्या तिघांवरच थांबते. म्हणजे सातव्या माणसाने निबंधात पाय ठेवला, की चौथा, पाचवा आणि सहावा असे तिघे एकदम बेपत्ता होतात. आपले विभागप्रमुख सातव्या जागी कधीच नसतात, त्यामुळे या नियमाने आजवर कोणाची झोप उडालेली नाही.

आद्याक्षरांच्या बाबतीत हळवे होऊ नये. याच सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये तेथेच वारले. पण सूचीत यायचे तर त्यांनाही ‘कोटणीस डीएस’ होऊनच यावे लागेल. ‘पाटील एस’ ही तर व्यक्ती नसून जमाव आहे, आणि तो मोतीबिंदूपासून मूळव्याधीपर्यंत सर्व विषयांवर लिहितो. हा गोंधळ मिटवण्यासाठी २०१२ पासून ऑर्किड नावाचा १६ अंकी क्रमांक संशोधकांना फुकट मिळतो. आपण तो काढावा, पासवर्ड विसरावा आणि पुढच्या निबंधाच्या वेळी दुसरा काढावा.

क्रमांक हातानेच घालावेत, असा माझा आग्रह आहे. झोटेरो, मेंडेले, एन्डनोट या संदर्भ सांभाळणाऱ्या संगणक प्रणालींपैकी काहीही वापरले तर मध्ये नवा संदर्भ घुसवताच पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात, आणि मग संशोधनात पुरुषार्थ तो काय उरला? जेकार्डच्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि मधला एक पुठ्ठा जागचा हलला की चादरीवरच्या मोराची मान भलतीकडे जाते, हे सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. रिव्ह्यूअरने सुचवलेले चार संदर्भ तुम्ही दुसऱ्या परिच्छेदात हाताने घाला आणि तक्त्यांखालचे जुने आकडे तसेच राहू द्या. मधुमेही पायाच्या जखमेविषयीच्या विधानाला हर्नियाच्या जाळीवरचा निबंध पुरावा म्हणून उभा राहिलेला दिसेल. अपूर्णविराम जागेवर असेल तर हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

आता मुख्य प्रश्न: संदर्भ दिलेला निबंध वाचावा काय? अजिबात नाही. दुसऱ्याच्या सूचीतून तो जसाच्या तसा उचलावा. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी भौतिकशास्त्रातील एका प्रसिद्ध निबंधाचे सुमारे ४३०० उल्लेख तपासले, तेव्हा १९६ ठिकाणी संदर्भात चूक सापडली, आणि त्यांतली पृष्ठक्रमांकाची एकच एक चूक तब्बल ७८ ठिकाणी होती. एवढ्या माणसांची बोटे एकाच कळीवर घसरली नसणार, म्हणजे उतारा उतरवला गेला, असा तर्क करून त्यांनी २००३ मध्ये अंदाज मांडला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ निबंध वाचतात. माझ्या मते हा अंदाज भौतिकशास्त्रज्ञांना शोभणारा, म्हणजे भाबडा आहे.

न वाचता किती मोठे कार्य घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच क्षेत्रात आहे. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांमध्ये, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी केवळ चौघांना व्यसन लागल्याची नोंद आढळली, एवढेच त्यात होते. रुग्ण घरी गेल्यावर महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहिले तर काय होईल, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हते. ते पत्र पुढे इतक्या सूच्यांत गेले, की २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात मोजदाद छापली गेली तेव्हा ६०८ उल्लेख निघाले. त्यांपैकी ४३९ जणांनी ते ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून वापरले होते आणि ४९१ जणांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट सांगितलीच नव्हती. दरम्यान अमेरिकेत वेदनाशामकांच्या व्यसनाने काय झाले, ते आपण वर्तमानपत्रात वाचले आहे. वर्ष, खंड आणि पान मात्र त्या सूच्यांत बहुधा बिनचूक असणार. अवघ्या पाच वाक्यांचे पत्र, तेही वाचायला कोणाला सवड झाली नाही. आणि तुम्ही तर १४ पानांचे निबंध डाऊनलोड करून बसला आहात!

मागे घेतलेल्या निबंधांचीही धास्ती नको. लस आणि आत्ममग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध लॅन्सेट या नियतकालिकाने २०१० मध्ये रद्द केला, आणि पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर तो उघडला की तशी ठळक सूचना दिसते. पण त्यासाठी तो उघडावा लागतो. एवढेही कष्ट नको असतील तर चॅटजीपीटीला सांगावे. तो खरे वाटणारे आडनाव, खरे नियतकालिक आणि डीओआय, म्हणजे निबंधाचा ऑनलाइन ओळखक्रमांक, यांची अशी मोट बांधून देतो, की दुव्यावर टिचकी मारेपर्यंत शंका येत नाही. परगावी विणलेल्या चादरीवर ‘सोलापुरी’ असे लेबल पाहिले की आपण चिडतो, पण तिथे निदान चादर तरी असते.

शेवटी परीक्षेचे. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक येतील. त्यांचे स्वतःचे दोन निबंध, विषयाशी संबंध असो वा नसो, सूचीत आधीच घालून ठेवावेत. ते चष्मा नाकावर सरकवतील, प्रबंधाची शेवटची पाने उघडतील, ११ व्या संदर्भावर बोट ठेवतील आणि विचारतील, “हा पूर्ण वाचलात का?” घाबरू नका. “हो सर,” एवढेच म्हणा आणि बोट कोठे आहे ते पाहा. ते त्यांच्याच नावावर असेल, आणि आद्याक्षरांमध्ये टिंब राहिले आहे काय, हे ते तपासत असतील.