पाठीवर गाठ असलेलं बाळ आणि माहेरचं बाळंतपण : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमचा आक्षेप थोडक्यात असा : पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या पाठीवर गाठ, म्हणजे मेनिंगोमायलोसील दिसली, तरी ‘मोठ्या दवाखान्यातच बाळंतपण करा’ हा माझ्या लेखातला सल्ला मेळघाटातल्या धारणीकडच्या माणसाला परवडत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, तालुक्याच्या दवाखान्यात होऊ द्यावं, बाळ झालं की 108 बोलवावी.

पैशाचं तुमचं खरं आहे, लेखात ते सुटलंच. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचार मोफत आहे. पण सोबतच्या माणसाची ऐन कापूस वेचणीत बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही.

‘झाल्यावर नेऊ’ हे मात्र पटत नाही. या गाठीवर धड कातडी नसते, नुसता पापुद्रा असतो आणि मज्जारज्जू जवळजवळ उघडा. पापुद्रा सुकला की चिरतो, पाणी गळतं आणि जंतू थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. म्हणून पाठ शक्यतो 48 ते 72 तासांत शिवायची असते. आता हिशेब करा. धारणीहून अमरावती घाटातून सुमारे दीडशे किलोमीटर, तिथून नागपूर जवळपास तेवढंच. मधल्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या सरकारी कक्षात) वॉर्मर आणि ऑक्सिजन मिळेल, पण पाठ शिवणारा सर्जन नसला तर पुन्हा रेफरची चिठ्ठी. आईचं सिझर झालेलं असलं तर ती तालुक्यात आणि दूध पिणारं बाळ तीनशे किलोमीटरवर. शिवाय यातल्या बऱ्याच बाळांच्या डोक्यात पाणी साचतं. डोकं फार मोठं असलं तर नॉर्मल बाळंतपण अडतं.

माहेरपण करा, पण सातव्या-आठव्या महिन्यातच नागपूरचं मेडिकल कॉलेज, एम्स किंवा सेवाग्राम, जे सोयीचं पडेल तिथे एकदा जाऊन या. सोनोग्राफीची फिल्म, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, रेशनकार्ड सोबत न्या आणि सरळ विचारा : हे ऑपरेशन इथे होतं का, करणारे डॉक्टर तेव्हा असतील का, नवजात बाळाच्या अतिदक्षता विभागात खाट मिळेल का? नाव तिथेच नोंदवा आणि त्यांनी दिलेल्या तारखेला, कळांची वाट न पाहता, दाखल व्हा.

कळा आधीच आल्या आणि बाळ तालुक्यातच झालं, तर तुम्ही म्हणता तीच वेळ येते. मग नर्सताईंना गाठीचं आधीच सांगा. बाळ पालथं किंवा कुशीवर, उताणं कधीच नाही. गाठीवर नॉर्मल सलाईनमध्ये भिजवलेला निर्जंतुक गॉज, वरून स्वच्छ प्लास्टिक, म्हणजे ओल टिकते. कोरडा कापूस लावला तर पापुद्र्याला चिकटतो आणि काढताना तो फाडतो. हळद, राख, तेल, स्पिरिट, बीटाडीन काही नको. शी गाठीवर जाऊ नये म्हणून गाठीच्या खालच्या बाजूला प्लास्टिकची पट्टी आडवी चिकटवायची. ओल्या गॉजमुळे बाळ गार पडतं, हे हमखास विसरलं जातं. टोपी, मोजे आणि ऊब हवीच. सलाईनची बाटली गाडीत ठेवा, गॉज सुकला तर वाटेतच ओला करा. हातमोजे रबरी (लॅटेक्सचे) नसलेले मिळाले तर उत्तम, कारण या बाळांना पुढे लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचा धोका जास्त असतो.

ग्रहणात विळी हाताळली की अशी गाठ येते, असंही तुम्ही लिहिलंत. मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो, ती पाठीची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते किंवा उघडी राहते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. सातव्या महिन्यात सुनेनं विळी हातात घेतली, म्हणून तिला बोल लावू नका.

पुढच्या खेपेला मात्र फॉलिक ॲसिड दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करून पहिले तीन महिने घ्यायचं. आरोग्य केंद्रातल्या लाल गोळीत ते 500 मायक्रोग्रॅम असतं. असं बाळ आधी झालेल्या बाईला रोज 4 मिलिग्रॅम लागतं. पण तेवढ्यासाठी लाल गोळ्या आठ-आठ खायच्या नाहीत, त्यातलं लोह बाधेल. डॉक्टरांकडून 5 मिलिग्रॅमची वेगळी गोळी लिहून घ्या.