साळ्याची आरव्ही

चूक माझीच. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी साळ्याच्या आयडियाला "बरं" म्हणायची सवय काही सुटत नाही. त्यानं युट्यूबवर अमेरिकेतले लोक पाहिले, दरीतून नदीच्या काठाकाठानं घराएवढी गाडी नेतात, आतच पलंग, आतच किचन, झालं, दुसऱ्या दिवशी फोन, "भाऊजी, आपुनबी आरव्ही बनवू!"

बनवली. शाळेची पोरं वाहून म्हातारी झालेली ट्रॅव्हलर, सिटा काढून दोन दिवाण, मागं शेगडी-सिलेंडर, आणि खिडकीत कूलर. हसू नका, आमच्याकडं मे महिन्यात पाहुण्याला पाण्याच्या आधी कूलरसमोरची जागा देतात.

परतवाड्यापर्यंत राजेशाही. बाहेर 44 डिग्री, आत गार वारा, सासूबाई दिवाणावर आडव्या, "पोरानं नाव काढलं बाप्पा." मग घटांगचा घाट लागला. गाडी तिरपी झाली तसं टाकीतलं पाणीही तिरपं झालं, पहिल्या वळणाला चुळकन, दुसऱ्याला छपाक, तिसऱ्याला अख्खी टाकी सासूबाईंवर, त्यात लोणच्याची बरणी फुटली, पोरगं ओकलं, आणि बायको बघतेय माझ्याकडं! भावाकडं नाही. चढावर गाडी बंद पडली की साळा ओरडायचा, "भाऊजी, गोटा!" की मी उडी मारून चाकामागं गोटा लावायचा, गाडी हलली की तोच गोटा उचलून पळत सुटायचं. पाचव्या वेळी मी तो गोटा आतच ठेवला, सासूबाईंच्या उशाशी.

मेळघाटच्या जंगलात सेमाडोहला सिपना नदी. इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे सागवान म्हणे, पण मे महिन्यात सागावर पान कुठं, सावली शून्य. नदी मात्र खरंच देखणी, काळे गुळगुळीत गोटे आणि मधे मधे हिरव्या पाण्याचे डोह. पिठलं शिजायला चढवणार तेवढ्यात फॉरेस्टचा गार्ड मोटारसायकलवर हजर. "काय करून रायले?"

"आरव्ही ट्रिप!"

"खाली पाचोळा पाहा ना भाऊ, एक ठिणगी पडली तं जंगल जाईन. अन् हे वाघाचं घर हाय, इथं मुक्काम त्याचा. तुमी कायले?"

बरोबरच होतं त्याचं. मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आमची आरव्ही परवाची. कच्चं पिठलं मांडीवर घेऊन चिखलदरा गाठलं. तिथं रात्री अशी थंडी की कूलरच्या जाळीतून येणारा फुकटचा वारा अडवायला माझीच चादर कोंबावी लागली.

सकाळी भीमकुंडावर गेलो. खाली पाहिलं की पोटात गोळा येतो अशी दरी. भीमानं कीचकाला मारून इथंच फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचंच चिखलदरा झालं असं सांगतात. सासूबाईंनी विचारलं, "कीचक म्हंजे कोन वो, जवाईबुवा?"

"विराट राजाचा साळा," मी म्हणालो.

साळा कठड्यावर चढून सेल्फी काढत होता.