जखमेत पडलेल्या अळ्या जखम साफ करत नाहीत

रत्नागिरी-सिंधुदुर्गात गुरं पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय: ‘जखमेत अळ्या पडल्या तर घाबरू नका. त्या फक्त कुजलेलं मांस खाऊन जखम साफ करतात, परदेशात डॉक्टरच सोडतात. अळ्या घाणेरड्या गोठ्यातच पडतात. फार झाल्या तर पेट्रोल ओता.’ ऐन पावसाळ्यात हा सल्ला गुराच्या जिवावर बेतेल.

‘फक्त कुजलेलं मांस’ हे सगळ्यात घातक. वाळत घातलेल्या मासळीवर बसणारी निळसर-हिरवी माशी मेलेल्या मांसावर अंडी घालते, हे खरं. पण जवळपास तशीच दिसणारी क्रायसोमिया बेझियाना ही दुसरी माशी जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेलाच अंडी घालते, एका वेळी दीडशे-दोनशे. १२ ते २४ तासांत अळ्या निघतात आणि ताज्या मांसात डोकं खुपसून आत शिरतात. श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला, म्हणून वर तेवढंच दिसतं. जखम वरून रुपयाएवढी, आत मात्र पोकळी. तिच्या वासाने आणखी माश्या येतात. पाच-सात दिवसांनी अळ्या कोष करायला जमिनीवर गळून पडतात, तेव्हा माणसांना वाटतं, जखम साफ झाली. तोवर आत नव्या अळ्या असतात.

परदेशी उपचारात लुसिलिया या वेगळ्या माशीच्या, प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या पट्टीखाली ठरावीक वेळच ठेवतात. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. गोठ्यातल्या अळ्यांशी त्याचा संबंध नाही.

घाणीचं म्हणाल, तर गोचिडाचा चावा, वेसणीचा घाव, वासराची ओली नाळ एवढंही या माशीला पुरतं. रानात चरणाऱ्या गुराला काटा लागतोच. गोठा कितीही झाडलेला असो. उलट घाणीचा शिक्का बसेल म्हणून माणसं जखम लपवतात आणि डॉक्टरांना उशिरा बोलावतात. मनाला हे फार लागतं.

पेट्रोल जिवंत मांस भाजतं, चाटल्यावर पोटातही जातं. डॉक्टर अळ्या चिमट्याने वेचून काढतात आणि जखम पुन्हा तपासतात. आयव्हरमेक्टिन हे अळ्या मारणारं औषध द्यायचं का, दिल्यावर दूध किती दिवस वापरायचं नाही, हेही त्यांनीच ठरवायचं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ वर फोन करा. वेचलेल्या अळ्या अंगणात झटकू नका, त्या मातीत शिरून कोष करतात. उकळत्या पाण्यात टाका.