दर आलेखाला तीच चौकट किती वेळा पुसायची?

मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत, साधा आलेख काढा. 6.4 बाय 4.8 इंच, अक्षरं 10 पॉइंटची, चारही बाजूंनी काळी चौकट. वरची आणि उजवी रेघ कुणाला हवी असते हो? रंग दहाच. अकरावी रेषा पुन्हा पहिल्याच निळ्यात, मग कुठली कुणाची कसं ओळखायचं?

शीर्षक मराठीत द्या, की चौकोनच चौकोन! मूळच्या डेजाव्हू सॅन्स या फाँटमध्ये देवनागरीच नाही. नोटो सॅन्स देवनागरी फाँट लावला तर जुन्या आवृत्त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. 'किंमत' लिहायची तरी कशी?

आणि हे सगळं बदलणाऱ्या त्याच दहा ओळी कोडच्या प्रत्येक नोटबुकात का चिकटवायच्या? एक एमपीएलस्टाइल फाइल करा ना, आलेखाची शैली एकदाच लिहून ठेवायची! पण तिथे रंगाच्या कोडाआधी अवतरणाशिवाय हॅश (#) टाकलात, की पुढचं सगळं शेरा समजून गाळलं जातं. कोडाची नुसती सहा अक्षरं लिहायची. आरसीपॅराम्स, म्हणजे मूळच्या सेटिंग्ज, बदलून खाली शैली लावणारं स्टाइल.यूज लिहिलं, की तेच गुण त्या शैलीनं पुसलेच. आधी शैली, मग बदल! आणि आरसीपॅराम्समधला फिगसाइज, म्हणजे आलेखाचा आकार, आलेख तयार झाल्यावर बदलून काय उपयोग? तो आधीच ठरलेला असतो.